अर्ज घराचा, मंजुरी मृत्यूची: टोरंटोतील एका प्रकरणाचा अभ्यास

फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडातील टोरंटो शहरात पन्नाशी नुकत्याच ओलांडलेल्या एका स्त्रीचा वैद्यकीय साहाय्याने मृत्यू झाला. दोन स्वतंत्र तपासणीकर्त्यांनी त्यांना पात्र ठरवले होते, त्यांची संमती निःसंदिग्ध होती आणि कायद्याने घालून दिलेली प्रत्येक पायरी पार पडलेली होती. त्यांना कर्करोग नव्हता आणि मरण जवळ येऊन ठेपलेले नव्हते. त्यांना हवे होते ते परवडेल असे आणि धूर व रसायने आत शिरणार नाहीत असे घर. त्यासाठी त्यांनी सुमारे दोन वर्षे सरकारदरबारी खेटे घातले. घर मिळाले नाही, मृत्यूचा अर्ज मात्र मंजूर झाला. एप्रिलमध्ये कॅनडातील एका वृत्तवाहिनीने ही हकिगत टोपणनावाने प्रसिद्ध केली. प्रस्तुत लेखात ते टोपणनावही वापरलेले नाही, कारण इथे तपासायचा आहे तो निर्णय ज्या व्यवस्थेतून निघाला ती व्यवस्था.

घटनाक्रम

त्यांना ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ हा विकार होता. सिगारेट किंवा गांजाचा धूर, फरशी पुसण्याची द्रव्ये, सुगंधी साबण, एअर फ्रेशनर अशा इतरांच्या ध्यानातही न येणाऱ्या गोष्टींमुळे या रुग्णांच्या अंगावर पुरळ उठते, श्वास अडकतो, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी सुरू होते आणि काहींना तर शरीराची एक बाजू काही काळ लुळी पडल्याचा अनुभव येतो. या विकाराबद्दल वैद्यकात एकमत नाही. तो नेमका कशामुळे होतो, त्यातला शारीरिक भाग किती आणि मानसिक भाग किती, यावर वाद आहेत आणि निदान पक्के करणारी सर्वमान्य प्रयोगशाळा-चाचणीही नाही. तरीही रुग्णाला होणारा त्रास खरा असतो, यावर त्याला उपचार देणाऱ्या डॉक्टरांचे दुमत नाही. उपचार म्हणून त्यांचा मुख्य भर एकाच गोष्टीवर असतो, ती म्हणजे त्रास देणाऱ्या द्रव्यांपासून दूर राहणे.

त्या एका धर्मादाय संस्थेच्या इमारतीत राहत होत्या. कोविडच्या टाळेबंदीत शेजारी दिवसभर घरात अडकले, घरातल्या घरात धूम्रपान वाढले आणि इमारतीच्या वायुवाहिन्यांतून तो धूर खोल्याखोल्यांत फिरू लागला. साथीच्या धास्तीने मार्गिकांमध्ये जंतुनाशकांचा माराही वाढला होता. या बाईंनी झोपण्याच्या खोलीतल्या हवेच्या जाळ्या चिकटपट्ट्या लावून बंद केल्या आणि बहुतेक वेळ त्या एकाच खोलीत स्वतःला कोंडून घेतले. बाहेर जाण्यासाठी आधी मार्गिका ओलांडावी लागे आणि नेमकी तीच सर्वांत जास्त फवारलेली असे.

या काळात त्या गप्प बसल्या नव्हत्या. मित्रमंडळी आणि डॉक्टर यांच्यासह त्यांनी शहर, प्रांत आणि केंद्र या तिन्ही पातळ्यांवर विनंत्या केल्या. टोरंटोतील चार डॉक्टरांनी केंद्राच्या गृहनिर्माण व अपंगत्वविषयक अधिकाऱ्यांना पत्र लिहून कळवले, की या रुग्णेला सुरक्षित घर मिळवून देण्यात मदत करावी आणि वैद्यकीय साहाय्याने मृत्यू याखेरीज दुसरा उपाय पुढे येत नाही ही गोष्ट आमच्या सदसद्विवेकाला पटणारी नाही. पत्राचा उपयोग झाला नाही. मृत्यूच्या आठ दिवस आधी त्यांनी एक चित्रफीत नोंदवली. सरकारच्या लेखी आपण एक निरुपयोगी, सतत तक्रार करणारे माणूस आहोत, असे त्या तीत सांगतात. त्यांना ओळखणाऱ्या एका डॉक्टरांनी नंतर म्हटले, की या बाईंना जगायचे नव्हते असे नाही, त्यांना अशा स्थितीत जगणे शक्य नव्हते.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. त्या वेळी ओंटारियो प्रांतात अपंगत्व साहाय्यावर जगणाऱ्या एकट्या व्यक्तीला महिन्याला जास्तीत जास्त १,१६९ डॉलर मिळत, त्यांपैकी घरभाड्यासाठी धरलेला वाटा ४९७ डॉलरचा होता. टोरंटोत एका शयनकक्षाच्या साध्या घराचे भाडे त्या संपूर्ण रकमेच्याही वर गेलेले होते. अनुदानित घरांची प्रतीक्षायादी वर्षांच्या हिशेबाने मोजली जात असे आणि एकट्या व्यक्तीसाठीच्या घराची वाट पाहणे दहा वर्षांच्या पुढे जाऊ शके. यादीतले घर अखेर हाती आले तरी ते धूरमुक्त असेल याची हमी कोणी देत नव्हते.

कायदा कोणाला काय विचारतो

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१५ रोजी कार्टर प्रकरणात एकमताने निर्णय दिला, की असह्य आणि असाध्य आजाराने ग्रासलेल्या सक्षम प्रौढ व्यक्तीला डॉक्टरच्या साहाय्याने मृत्यू घेण्यास सरसकट मज्जाव करणे घटनेशी विसंगत आहे. जून २०१६ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्यात एक कुंपण घातले: नैसर्गिक मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने ते कुंपण घटनाबाह्य ठरवले. सरकारने अपील केले नाही आणि १७ मार्च २०२१ रोजी दुरुस्ती कायदा अमलात आला. तेव्हापासून दोन वाटा झाल्या. मृत्यू जवळ असलेल्यांसाठी पहिली आणि नसलेल्यांसाठी दुसरी, जिला तिथे ‘ट्रॅक २’ म्हणतात. आपल्या प्रकरणातील मृत्यू या दुसऱ्या वाटेचा आहे आणि ती वाट खुली झाल्याला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते.

पात्रतेची कसोटी त्रिपदी आहे. गंभीर आणि असाध्य आजार, व्याधी किंवा अपंगत्व असावे. क्षमतांचा परत न फिरणारा मोठा ऱ्हास झालेला असावा. आणि त्या व्यक्तीला असह्य वाटणारे, तिला मान्य असलेल्या उपायांनी न शमणारे शारीरिक किंवा मानसिक दुःख असावे. ट्रॅक २ साठी यावर आणखी बंधने आहेत. मूल्यमापनाला किमान ९० दिवस लागलेच पाहिजेत. तपासणीकर्त्यांपैकी एकाला त्या आजाराची जाण असावी किंवा त्याने तशा जाणकाराचा सल्ला घेतलेला असावा. दुःख कमी करण्याच्या मार्गांची, त्यांत समुपदेशन, मानसिक आरोग्यसेवा, अपंगत्व साहाय्य, सामुदायिक सेवा आणि उपशामक उपचार हे सर्व आले, रुग्णाला माहिती द्यावी आणि त्या सेवा देणाऱ्यांशी भेट घडवण्याची तयारी दाखवावी. शिवाय रुग्णाने या मार्गांचा गांभीर्याने विचार केला आहे, याबद्दल दोन्ही तपासणीकर्त्यांची आणि रुग्णाची सहमती व्हावी.

घोडे इथेच पेंड खाते. हे सगळे कर्तव्य माहिती देण्याचे आणि विचार करण्याचे आहे. सेवा प्रत्यक्ष पुरवण्याचे कर्तव्य कोणावरही नाही. या बाईंना घराची माहिती द्यावी लागेल अशी परिस्थितीच नव्हती, कारण दोन वर्षे त्या स्वतःच ती माहिती सर्वांना देत होत्या. गांभीर्याने विचार झाला का, याचे उत्तरही होकारार्थीच येणार, कारण आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कशाचा इतका विचार केलेला नसेल. म्हणजे या कलमाच्या कसोटीवर हे प्रकरण आदर्श ठरते. बाकी सर्व उपाय चाचपून झाले होते आणि ते सारे फसलेले होते. फक्त ते ज्यांच्यामुळे फसले त्यांचे नाव फाइलमध्ये कुठेही लिहावे लागत नव्हते.

ढाल कोणासाठी घडवली होती

‘रुग्णाला मान्य असलेल्या उपायांनी’ या अटीचा उगम कार्टर निकालात आहे आणि तो उगम समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातील नैतिक पेच नीट दिसत नाही. अशी अट नसती तर धोका असा होता, की एखाद्या रुग्णाला आणखी एक केमोथेरपी, आणखी एक शस्त्रक्रिया, आणखी एक औषध करून पाहा असे म्हणत वर्षानुवर्षे अडकवून ठेवले जाईल. म्हणून न्यायालयाने स्पष्ट केले, की दुःख असाध्य आहे असे म्हणण्यासाठी रुग्णाने त्याला नको असलेले उपचार घेतलेच पाहिजेत असे नाही. नकार देण्याचा अधिकार शाबूत ठेवून मृत्यूचा पर्याय खुला राहावा, हा त्या अटीचा हेतू होता. नेदरलँड्समध्ये २००२ पासून लागू असलेल्या कायद्यात हीच जागा वेगळ्या प्रकारे भरलेली आहे. दुसरा कोणताही वाजवी मार्ग उरलेला नाही, अशी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांची मिळून खात्री व्हावी लागते. कॅनडात रुग्णाचे मत निर्णायक आहे.

आता आपल्या प्रकरणात पाहा. या बाईंनी कोणता उपाय नाकारला होता? एकही नाही. ज्या उपायाने दुःख शमले असते तो त्यांना मान्य होता, त्यांनी तो नावानिशी मागितला होता, चार डॉक्टरांनी तो लेखी सुचवला होता. तो मिळाला नाही इतकेच. नकोसे उपचार माथी मारले जाऊ नयेत म्हणून घडवलेली ढाल इथे हवासा उपचार न देणाऱ्यांच्या कामी आली. रुग्णाचा नकार आणि व्यवस्थेचा नकार या दोन वेगळ्या गोष्टी असताना कायद्याच्या भाषेत दोन्हींचा निष्कर्ष एकच निघतो: दुःख शमत नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा गाभा हाच आहे, आणि स्वायत्तता विरुद्ध जीवनाचे पावित्र्य या नेहमीच्या वादात तो हरवून जातो.

यावर असे म्हटले जाते, की घर ही सामाजिक गरज आहे, आजार हा वैद्यकीय प्रश्न आहे आणि डॉक्टरने आपल्या कक्षेत राहावे. अन्य अनेक आजारांबाबत ही विभागणी निदान कामापुरती चालून जाईल. इथे ती चालत नाही. ज्या विकारावर उपचार करणाऱ्यांच्या मते मुख्य उपाय एकच आहे आणि तो म्हणजे हवेतली द्रव्ये टाळणे, त्या विकारात धूरमुक्त घर हीच औषधाची चिठ्ठी ठरते. एखाद्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिस नाकारून मग त्याचे दुःख असाध्य आहे, असे कोणी म्हटले तर आपण ते क्षणभरही ऐकून घेणार नाही. घराच्या बाबतीत आपण ऐकून घेतो, कारण घराचे बिल रुग्णालयाच्या खात्यात पडत नाही.

‘अन्याय आहे, पण तो तिच्यावर का काढायचा?’

या भूमिकेला सर्वांत ताकदीचे उत्तर स्वायत्ततावाद्यांकडून येते आणि ते हलक्यात काढण्यासारखे नाही. टोरंटो विद्यापीठाशी संबंधित दोन नीतिशास्त्र अभ्यासकांनी २०२३ मध्ये एका वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात असा युक्तिवाद केला, की अन्याय्य परिस्थितीत केलेली निवड ही आपोआप अस्वायत्त ठरत नाही. परिस्थिती दुःखद आहे, ती बदलायला हवी, पण ती नजीकच्या काळात बदलणार नसेल तर त्या व्यक्तीला मृत्यूचा पर्यायही नाकारणे म्हणजे तिला दुहेरी शिक्षा करणे होय. घर नाही म्हणून एक यातना, आणि समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी व्हावी म्हणून त्या यातनेत तिलाच ताटकळत ठेवणे ही दुसरी. त्यांच्या मते अशा वेळी मृत्यूचा पर्याय खुला ठेवणे हा अपाय कमी करण्याचा मार्ग ठरतो.

या युक्तिवादातील एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. या बाईंची निवड त्यांची स्वतःची होती. त्या गोंधळलेल्या नव्हत्या, कोणी त्यांना भरीस घातले नव्हते आणि ‘गरीब बिचारी, तिला काय कळते’ या दयेचा वास असलेली कोणतीही भूमिका त्यांचा अपमान करते. पण युक्तिवादाचा दुसरा भाग ‘परिस्थिती नजीकच्या काळात बदलणार नाही’ या गृहीतकावर उभा आहे आणि ते गृहीतक नैसर्गिक आपत्तीला शोभते, घराला नाही. कर्करोग पसरणे थांबवणे कोणाच्या हातात नसते. एका व्यक्तीसाठी धूरमुक्त खोली शोधणे मात्र टोरंटोत, त्या देशात, त्या वर्षी, कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या हातात होते.

याचा पडताळा त्याच वर्षी मिळाला. ओंटारियोतच राहणाऱ्या, जुन्या दुखापतीमुळे पाठीच्या असह्य वेदना भोगणाऱ्या एका पुरुषाने ट्रॅक २ खाली अर्ज केला होता आणि एका डॉक्टरची मंजुरीही मिळवली होती. आपले राहते घर विकायला निघाले आहे, दुसरे परवडत नाही आणि मरणापेक्षा बेघर होण्याची भीती मोठी वाटते, असे त्यांनी पत्रकारांना उघडपणे सांगितले. बातमी पाहून एका अनोळखी बाईंनी ऑनलाइन मदतनिधी सुरू केला, साठ हजारांहून अधिक डॉलर जमले आणि त्यांनी मृत्यूचा विचार सोडून दिला. पाठीचे दुखणे होते तिथेच होते. वैद्यकीय कागदपत्रांतील एकही ओळ बदललेली नव्हती. म्हणजे त्यांच्या दुःखाला असह्य करणारा घटक कोणता होता, हे कोणत्याही चाचणीपेक्षा त्या मदतनिधीने स्वच्छ दाखवून दिले. असा निधी ज्यांच्यासाठी कोणी उभा करत नाही, त्यांच्याबाबत ही चाचणी कधी होतच नाही.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

या प्रकरणाचा आधार घेऊन ‘कॅनडा गरिबांना मारतो आहे’ अशी घोषणा समाजमाध्यमांवर बरीच फिरली. ती खोटी आहे आणि ती खोटी आहे हे आकड्यांनी दाखवता येते. २०२२ मध्ये कॅनडात वैद्यकीय साहाय्याने १३,२४१ मृत्यू झाले, म्हणजे त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी ४.१ टक्के. त्यांपैकी ट्रॅक २ चे ४६३ होते. बाकी जवळजवळ सर्व मरणाच्या उंबरठ्यावरचे रुग्ण होते आणि त्यांत कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते. ओंटारियोतील सुरुवातीच्या दोन वर्षांचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तर हा पर्याय घेणारे लोक इतर मृतांच्या तुलनेत अधिक उत्पन्नाच्या वस्त्यांतले निघाले होते.

मात्र तो अभ्यास ट्रॅक २ सुरू होण्याच्या आधीचा आहे, हे तो उद्धृत करणारे अनेकदा सांगत नाहीत. ओंटारियोच्या मुख्य मृत्यू-अन्वेषकांनी (तिथे ज्यांना कोरोनर म्हणतात) नेमलेल्या समितीने २०२४ मध्ये जे अहवाल दिले, त्यांत दोन वाटांची तुलना आहे. २०२३ मध्ये प्रांतात ४,६४४ जणांचा वैद्यकीय साहाय्याने मृत्यू झाला, त्यांपैकी ११६ ट्रॅक २ खाली. सर्वाधिक आर्थिक वंचना असलेल्या वस्त्यांत राहणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या वाटेवर २१.५ टक्के होते, दुसऱ्या वाटेवर २८.४ टक्के. वस्तीवरून व्यक्तीची गरिबी थेट सिद्ध होत नाही आणि ११६ हा आकडा लहान आहे, तेव्हा यावरून फार मोठे इमले बांधू नयेत. तरी जिथे मरण जवळ नसते तिथे गरिबीचे वजन वाढते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. त्याच समितीने नाव-गाव न देता मांडलेल्या प्रकरणांत याच विकाराने ग्रासलेल्या, योग्य घर न मिळालेल्या पन्नाशीतील एका स्त्रीचे प्रकरण आहे. अशा वेळी दुःख असाध्य मानावे का, यावर समितीच्या सदस्यांत एकमत झाले नाही. तज्ज्ञांमध्येच जिथे एकवाक्यता नाही, तिथे दोन तपासणीकर्त्यांच्या सह्यांवर सारा भार टाकला जातो, ही गोष्ट अधिक चिंतेची आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या तीन विशेष तज्ज्ञांनी, ज्यांत अपंगांच्या हक्कांचे आणि तीव्र दारिद्र्याचे असे दोघे होते, २०२१ च्या आरंभी, म्हणजे दुरुस्ती होण्यापूर्वीच कॅनडाला सावध केले होते. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अपंगांच्या हक्कांविषयीच्या समितीने ट्रॅक २ रद्द करावा अशी थेट शिफारस केली. ती शिफारस मला टोकाची वाटते, कारण दीर्घ चेताविकारांनी खिळलेल्या, घरदार आणि शुश्रूषा सर्व काही असूनही हा पर्याय जाणीवपूर्वक मागणाऱ्या माणसांचा तीत विचार नाही. पण ती का केली गेली हे समजणे अवघड नाही.

हा मजकूर मराठीत वाचताना

टोरंटो आणि परिसरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासाठी हा शेजारचा विषय आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला मात्र यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. ‘न्याय द्या, अन्यथा इच्छामरणाची परवानगी द्या’ अशी निवेदने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राष्ट्रपतींना पाठवण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. भूसंपादनाचा मोबदला अडकलेला शेतकरी, पुनर्वसन रखडलेला प्रकल्पग्रस्त, पगार थकलेला कर्मचारी, सगळे ती करतात. देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही, की परवानगी मिळणार नाही. मागणी मोबदल्याची असते आणि मरण हा त्या अर्जाचा जोर असतो. कॅनडाच्या प्रकरणात तेच निवेदन अशा खिडकीवर गेले, जिथे ते मंजूर होऊ शकत होते.

भारतात सक्रिय इच्छामरणाला कायद्याने मुभा नाही. २०११ च्या अरुणा शानबाग निकालाने आणि २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग तेवढा खुला केला. त्यामुळे आपण या पेचातून सुटलो आहोत असे वाटत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचे १९८६ चे एक प्रकरण आठवावे. मुंबई पोलीस दलातील, मानसिक आजाराने त्रस्त झालेल्या एका शिपायाने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला होता. बायकोला भाजीचे दुकान लावण्याची परवानगी मिळावी म्हणून तो तिथे गेला होता. त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला आणि उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलमाची वैधता मान्य केली. मरणाच्या हक्कावर दहा वर्षे मोलाचा कायदेशीर खल झाला. भाजीच्या परवान्याचा प्रश्न मात्र कोणत्याही न्यायपीठापुढे मुख्य प्रश्न म्हणून आला नाही.

याच संदर्भात आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम ११५ लक्षात घेण्यासारखे आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य राहील, असे ते म्हणते. किती कार्यालयांत हे कलम कोणी वाचले आहे हा वेगळा प्रश्न. पण मरणाच्या इच्छेतून शासनावर काहीतरी देणे लागू होते, ही कल्पना निदान कागदावर आलेली आहे. कॅनडाच्या तरतुदीत नेमकी तीच नाही.

काय करता आले असते

तपासणीकर्त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे आणि माझ्या मते ते अन्यायाचे ठरेल. त्यांच्यापुढे सक्षम, दुःखी, दोन वर्षे झगडून थकलेली व्यक्ती होती. घर देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी नकार दिला असता तर त्या बाई त्याच बंद खोलीत परतल्या असत्या आणि नकार देणाऱ्याला आपण योग्य केले असे समाधान मिळाले असते, एवढेच. दुसरीकडे कॅनडाच्या संसदेने २०१९ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण धोरण कायद्यात निवारा हा मानवी हक्क म्हणून मान्य केलेला आहे आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पहिल्या केंद्रीय अधिकाऱ्याची नेमणूकही योगायोगाने फेब्रुवारी २०२२ मध्येच झाली. त्या हक्काला मुदत नाही, तो ‘टप्प्याटप्प्याने’ साकार व्हायचा आहे. मृत्यूच्या मूल्यमापनाला मात्र ठरलेली मुदत आहे, ठरलेले अर्ज आहेत, ठरलेली माणसे आहेत. एकीकडे रांग आणि दुसरीकडे कालमर्यादा, असा हा व्यस्त हिशेब आहे.

म्हणून सुधारणा करायची तर ती या दोन्हींना जोडणारी हवी. रुग्णाचे दुःख शमवू शकेल असा, त्याला मान्य असलेला, नावानिशी सांगता येणारा बिगरवैद्यकीय उपाय उपलब्ध नाही असे दिसले, की तपासणीकर्त्याने ते संबंधित खात्याला लेखी कळवावे आणि त्या खात्याच्या जबाबदार अधिकाऱ्याने ९० दिवसांच्या आत आपल्या नावानिशी उत्तर द्यावे: उपाय देतो, किंवा अमुक कारणाने देत नाही. हे उत्तर रुग्णाच्या फाइलमध्ये लागावे आणि मृत्यू झाल्यास मृत्यू-अन्वेषकांपुढे जावे. रुग्णाचा मार्ग यामुळे अडत नाही, कारण ते ९० दिवस कायद्याने तसेही जाणारच आहेत. बदलते ते इतकेच, की आज जो नकार कोणीच दिलेला नसतो तो कोणाला तरी सही करून द्यावा लागेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अशा व्यवस्थेत घर मिळवण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे मृत्यूचा अर्ज करणे, असे होऊन बसेल आणि लोक त्यासाठीच अर्ज करतील. काही जण करतीलही, आपल्याकडच्या निवेदनांसारखेच. पण ज्यांना घर मिळाल्यावर जगायचे आहे त्यांची संख्या किती आहे, हे त्यातून प्रथमच मोजता येईल, आणि आज मृत्यूच्या मंजुरीखाली जे झाकले जाते ते गृहनिर्माण खात्याच्या दप्तरात दिसू लागेल. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. केवळ मानसिक आजार असलेल्यांसाठी हा पर्याय खुला करण्याचे कॅनडाने लांबवले असून सध्याची तारीख १७ मार्च २०२७ ही आहे. तिथे एकटेपणा, बेकारी, बेघरपणा आणि आजार यांची गुंतागुंत इतकी घट्ट असेल, की ‘नावानिशी सांगता येणारा उपाय’ असा एक धागा वेगळा काढता येणार नाही. टोरंटोच्या या बाईंच्या बाबतीत तो काढता येत होता, चार डॉक्टरांनी काढून दाखवलाही होता, आणि तरीही त्यांना ते घर मिळाले नाही.